हात पुढं करायचा की नाही?

काय दोस्तांनो, परीक्षा-बिरीक्षा सांभाळून मैदानावर जाता ना? आज मी तुम्हाला मैदानावरचीच एक गोष्ट सांगणार आहे.

एका रविवारी सकाळी मी यवतमाळच्या पोस्टल ग्राउंडच्या कडेला उभा होतो. टेनिस बॉलची मॅच रंगात आली होती. आर्णी रोडकडची पोरं विरुद्ध दारव्हा रोडकडची पोरं, आठ-आठ ओव्हरची मॅच. दारव्हा रोडवाले शेवटच्या ओव्हरला जिंकले आणि एकच गलका झाला. आर्णी रोडचा कॅप्टन असेल सातवी-आठवीतला. चेहरा पडलेला होता, तरी तो हात पुढं करून आला. जिंकलेल्या कॅप्टननं काय करावं? दोन्ही हात खिशात घातले, पाठ फिरवली आणि चालू लागला. त्याच्या मागं त्याची सगळी टीम!

हरलेल्या पोरानं क्षणभर तो हात तसाच धरला. मग खाली पडलेली बॅट उचलली आणि गुपचूप घरचा रस्ता धरला. दोन्ही टीम त्या एकाच बॅटनं खेळत होत्या, आणि ती त्याची होती.

मी जिंकलेल्या कॅप्टनला गाठलं. ‘‘का रे, हात का नाही मिळवलास?’’

‘‘कायले मिळवाचा काका? टीव्हीवर नाही पाह्यलं का तुमी? आपल्या टीमनं मिळवला होता का?’’

आता आली का पंचाईत! पोरगं खोटं बोलत नव्हतं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला दहशतवाद्यांनी २६ जणांचा जीव घेतला. त्यात आपल्या महाराष्ट्रातली माणसंही होती. पुढं १४ सप्टेंबरला दुबईत आशिया चषकाची भारत-पाकिस्तान मॅच झाली. सूर्यकुमार यादवच्या संघानं ती जिंकली, पण हात मिळवला नाही. त्यावर घराघरांत वाद झाले. कुणी म्हणालं, बरोबर केलं. कुणी म्हणालं, मग खेळायलाच कशाला गेलात? आमच्या घरीही जेवताना यावरून दोन तट पडले होते. तो वाद मोठ्यांचा आहे आणि त्यामागं खरं दुःख आहे.

म्हणून मी त्याला एवढंच विचारलं, ‘‘आर्णी रोडच्या त्या पोरानं तुझं काय बिघडवलं?’’

तो गप्प. मग हळूच म्हणाला, ‘‘काही नाही. आमच्याच शाळेत हाय तो.’’

सगळी पोरं गोळा झालीच होती. मग तिथंच कट्ट्यावर बसून मी त्यांना मुंबईची एक गोष्ट सांगितली. फेब्रुवारी १९८०. क्रिकेट मंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध खास कसोटी होती. आपला कॅप्टन गुंडाप्पा विश्वनाथ. इंग्लंडचे ५ गडी ५८ धावांत गारद झाले आणि मग बोथम अन् बॉब टेलर यांची जोडी जमली. कपिल देवच्या चेंडूवर टेलरला विकेटकीपरकडे झेलबाद दिलं. विश्वनाथ स्लिपमध्येच उभा होता. त्याची खात्री होती की बॅट लागलेली नाही. त्यानं अंपायरना तसं सांगितलं आणि निघालेल्या टेलरला परत बोलावलं! त्या जोडीनं १७१ धावा काढल्या आणि आपण १० गडी राखून हरलो.

‘‘मंग हारलोच ना!’’ एक चिमुरडा पटकन बोलला.

हो बाबा, हरलो. ते कशाला लपवायचं? खरं वागलं की मॅच जिंकतोच, असं मी तुम्हाला कधी सांगणार नाही. पण जिंकलेल्या कितीतरी मॅच लोक विसरून गेले आणि ही हरलेली मॅच मी आज तुम्हाला सांगतोय.

मोठी माणसं चुकत नाहीत का? चुकतात की! आपले सुनील गावसकरच घ्या. फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. लिलीच्या चेंडूवर त्यांना पायचीत दिलं. त्यांच्या मते चेंडू आधी बॅटला लागला होता. ते इतके चिडले की समोरच्या चेतन चौहानलाही सोबत घेऊन मैदानाबाहेर निघाले. सीमारेषेवर मॅनेजर दुराणी यांनी चौहानला थांबवलं आणि परत पाठवलं म्हणून बरं. तो खेळ तिथंच मोडला असता तर? ऑस्ट्रेलियाला जिंकायला १४३ हव्या होत्या. मांडी दुखावलेल्या कपिलनं ५ गडी टिपले, त्यांचा डाव ८३ वर आटोपला आणि आपण ५९ धावांनी जिंकलो! गावसकरांनी पुढं उघडपणे सांगितलं, की तेव्हा आपण तसं वागायला नको होतं. एवढ्या मोठ्या माणसानं चूक कबूल केली. त्यानं त्यांच्या धावा कमी झाल्या नाहीत.

आणि पाकिस्तानचंच म्हणाल, तर ३१ जानेवारी १९९९ ला चेन्नईत सचिननं पाठदुखी सोसत १३६ काढल्या. तो बाद झाला आणि उरलेले तीन गडी चार धावांत गेले. आपण अवघ्या १२ धावांनी हरलो. स्टेडियम सुन्न! पण थोड्या वेळानं लोक उठून उभे राहिले आणि मैदानाला फेरी मारणाऱ्या पाकिस्तानी संघासाठी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता टीव्हीवरच्या मॅचला डीआरएस आहे. टेलर आज खेळता तर त्यानं स्वतःच रिव्ह्यू घेतला असता. पण पोस्टल ग्राउंडवर कुठला आलाय डीआरएस? तिथं तर अंपायरही बॅटिंगवाल्यांचाच! बॅटला लागलं की नाही, हे ज्याच्या हातात बॅट आहे त्यालाच ठाऊक. तिथं तुम्ही खरं बोललात तरच मॅच पुढं सरकते.

आईबाबांनो, एक शब्द तुमच्यासाठीही. मुलगा खेळून घरी आला की ‘जिंकलास का?’ हे जरूर विचारा. पण ‘कुणाशी खेळलास? त्यांच्यात चांगलं कोण खेळलं?’ हेही विचारून बघा.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम पोस्टल ग्राउंडवर गेलो. दारव्हा रोडची पोरं हजर होती. बॉल होता, स्टंपच्या जागी विटा रचून झाल्या होत्या. बॅट मात्र नव्हती! कॅप्टननं माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही, सायकल काढली आणि आर्णी रोडच्या दिशेनं निघाला.

अर्ध्या तासानं दोन सायकली परत आल्या. एकीच्या कॅरिअरला बॅट बांधलेली होती. दोघांचं काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही. टॉस झाला आणि मॅच सुरू झाली.

तुमच्या मैदानावर असं काही घडलंय का? मला जरूर लिहा, वहीच्या कागदावर लिहिलंत तरी चालेल. भेटू पुढच्या अंकात!