चित्रफितींचा वारसा घरातच जतन करू या

परदेशात स्थिरावलेल्या आपल्या बहुतेक बौद्ध कुटुंबांच्या घरी दर्शनी भिंतीवर तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमा असतात. त्याच घरातील एखाद्या कपाटाच्या तळाशी जुन्या व्हीएचएस चित्रफितींचा ढीगही असतो. प्रतिमांवरील धूळ आपण नित्यनेमाने पुसतो. चित्रफितींकडे मात्र वर्षानुवर्षे कोणी ढुंकून पाहत नाही. त्यांत मंगलपरिणयाचे सोहळे असतात, गावच्या विहाराचे उद्घाटन असते, १४ एप्रिलची मिरवणूक असते आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर उपस्थित असलेल्या आपल्या आजी-आजोबांच्या तोंडच्या आठवणीही असतात. हा ठेवा आपल्या डोळ्यांदेखत नष्ट होत आहे. तो वाचविण्याचे काम आपलेच आहे व ते प्रत्येकाच्या घरात होऊ शकते, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. जून २००७ मध्ये गोनू चक्रीवादळ ओमानच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा कुरुमच्या सखल भागात वादीचे, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्राचे, पाणी शिरले. आम्ही तळमजल्यावर राहत होतो. पासपोर्ट, पदव्यांची प्रमाणपत्रे आणि मुले घेऊन आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. चित्रफितींचे खोके खालीच राहिले. त्यांत १९९८ साली मी घेतलेली माझ्या आईची मुलाखत होती. वयाच्या अकराव्या वर्षी वडिलांचे बोट धरून ती धम्मदीक्षेला गेली होती. तिच्या आईने पांढरे लुगडे कोणाकडून उसने आणले, किती दिवसांच्या भाकरी बांधून घेतल्या, बावीस प्रतिज्ञा म्हणताना शेजारची बाई का रडत होती, हे सारे तिने दीड तास सांगितले होते. आई २००३ मध्ये गेली. त्या चित्रफितीची दुसरी प्रत नव्हती. आमच्या लग्नाची चित्रफीतही त्याच खोक्यात भिजली; परंतु तिची एक प्रत अकोल्यास बहिणीकडे होती, म्हणून ती आज आहे. आईचा आवाज मात्र आता कोठेही नाही. दोष वादळाचा नव्हता. नऊ वर्षे हाती असताना मी एक प्रत काढली नाही, हा दोष माझा.

पूर सर्वांच्याच घरी येत नाही. पण काळ येतो. व्हीएचएस १९७६ साली जपानमध्ये आली. तिची यंत्रे बनविणाऱ्या अखेरच्या फुनाई या कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केले. म्हणजे फीत शाबूत राहिली तरी ती लावण्याचे यंत्र उद्या मिळेल याची शाश्वती नाही. आखातातील उष्मा आणि समुद्रकाठची दमट हवा फितीवरील चुंबकीय थराला मानवत नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नये. बुरशी यंत्राला लागते आणि यंत्रातून पुढच्या निरोगी फितीला लागते. संसर्गजन्य रुग्णाप्रमाणे अशी फीत वेगळी ठेवावी आणि जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी.

यावर काही मित्र म्हणतात, "डॉक्टरसाहेब, आता सारे काही यूट्यूबवर असते, व्हॉट्सॲपवर पाठविता येते, आणि घरी डीव्हीआर आहेच." या तिन्ही गोष्टी उपयोगी आहेत, परंतु त्यांपैकी एकही जतन नव्हे. व्हॉट्सॲपवर चित्रफीत पाठविताना ती आकसते आणि दोन-चार हातांतून फिरली की चेहरे ओळखू येत नाहीत. यूट्यूबवरील वाहिनी आज आहे, उद्या बंद होऊ शकते. डीव्हीआरची गोष्ट तर अधिक ध्यानात घेण्यासारखी आहे. ६ डिसेंबरचे चैत्यभूमीवरील किंवा अशोक विजयादशमीचे दीक्षाभूमीवरील प्रक्षेपण आपण मोठ्या हौसेने त्यात मुद्रित करतो. परंतु डिश कंपन्यांच्या बहुतेक डीव्हीआरमधील मुद्रण त्याच पेटीला कुलूपबंद असते. पेटी बिघडली किंवा वर्गणी थांबली की ते गेले. ते भाड्याचे घर आहे. आपल्याला स्वतःचे घर बांधावयाचे आहे.

त्या घराचे नाव मीडिया सर्व्हर. नाव भारदस्त असले तरी वस्तू साधी आहे. घरातील एखादा जुना संगणक, त्यात मोठी हार्ड डिस्क आणि एक सॉफ्टवेअर, एवढेच त्यास लागते. जेलीफिन हे सॉफ्टवेअर २०१८ पासून विनामूल्य उपलब्ध आहे आणि त्यासाठी कोणत्याही कंपनीकडे खाते उघडावे लागत नाही. व्हीसीआर व संगणक यांच्यामध्ये एक लहानसे कॅप्चर उपकरण जोडून फीत संगणकात उतरवावी. एका तासाच्या चित्रणास साधारण २ ते ३ गिगाबाइट जागा लागते. १ टेराबाइटच्या डिस्कवर ३०० तासांहून अधिक चित्रण मावते. आपल्यापैकी कोणाच्याही घरी एवढ्या फिती नसतील.

सर्व्हरमधील चित्रण दूरदर्शन संचावर दाखविण्यासाठी डीएलएनए नावाची पद्धत आहे. जेलीफिनमध्ये त्यासाठीचा जोडभाग वेगळा बसवावा लागतो. ज्या डीव्हीआरमध्ये किंवा टीव्हीमध्ये ही सोय असते, त्याच्या पडद्यावर आपला सर्व्हर आपोआप दिसू लागतो. तो दिसला नाही तर तीन गोष्टी तपासाव्यात. दोन्ही उपकरणे एकाच राउटरवर आहेत काय? संगणकाच्या फायरवॉलने वाट अडविली आहे काय? राउटरने संगणकाचा पत्ता बदलला आहे काय? तो पत्ता कायमचा ठरवून द्यावा. सर्व्हर दिसतो पण चित्र उमटत नाही, असे झाल्यास पेटीला त्या फाइलची भाषा कळत नाही असे समजावे. जुन्या पेट्यांना एमपीईजी-२ आणि त्यानंतरच्यांना एच.२६४ सहसा समजते. चित्रण त्या रूपात बदलून ठेवावे. हे सारे एका शुक्रवारी सकाळी होते. ज्यांना जमणार नाही, त्यांनी आपल्या दहावीतील मुलाला किंवा मुलीला सांगावे. त्यांना ते आपल्यापेक्षा लवकर जमते.

मुलांना जमणार नाही असे एक काम मात्र आहे, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. चित्रणात कोण दिसते, कोठे, कोणत्या दिवशी, हे लिहून ठेवणे. नाव नसलेला केसपेपर जसा कोणाच्याच उपयोगाचा नसतो, तसेच नाव नसलेले चित्रणही. कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. मगिल नावाचा एक राजवैद्य आणि त्याचे कुटुंबीय यांच्या दानाची नोंद त्यांत आहे. त्या वैद्याने किती रोगी बरे केले हे आज कोणी सांगू शकत नाही. पण त्याने दानाबरोबर नाव कोरविले, म्हणून तो आणि त्याची मुले आपल्याला ठाऊक आहेत. आपण फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना व दिवस, नंतर गाव आणि प्रसंग लिहावा. संध्याकाळी आजीला टीव्हीसमोर बसवून पंगतीत वाढणारी ती बाई कोण, भाषण करणारे ते गुरुजी कोण, हे विचारून घ्यावे. विचारण्यासाठी आजी आहे तोवरच ते शक्य आहे.

आणखी दोन पथ्ये सांगतो. एक प्रत म्हणजे शून्य प्रत, असे मानावे. तीन प्रती, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, हा जाणकारांचा नियम आहे. मस्कतची प्रत नागपूरच्या भावाकडे असावी आणि त्याची आपल्याकडे. दुसरे पथ्य विवेकाचे. घरचा सर्व्हर घरापुरताच असावा; राउटरमधून बाहेरच्या जगाला दार उघडून देऊ नये. लेकीसुनांचे चित्रण त्यांच्या संमतीवाचून कोणासही देऊ नये. जे सार्वजनिक आहे, म्हणजे धम्मपरिषदा, जयंत्या, भिक्खुसंघाची प्रवचने, त्याचा एक सामायिक संग्रह आपल्या संस्थेने करावा आणि फिती उतरविण्याचे एक यंत्र सभासदांना आळीपाळीने वापरावयास द्यावे, अशी माझी कार्यकारिणीस नम्र सूचना आहे. स्मरणिकेच्या जाहिरातींतून मिळणाऱ्या रकमेचा एक लहानसा भागही त्यास पुरेल.

बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांना जागा मिळावी म्हणून. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते दीर्घकाळ न्यायालयाच्या ताब्यातील पेट्यांत पडून होती. काही धडपड्या माणसांनी पाठपुरावा केला. १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाचे खंड निघू लागले, म्हणून ते विचार आज आपल्या हाती आहेत. पेटीत राहिलेला वारसा आपोआप कोणाच्या हाती येत नाही; कोणीतरी पेटी उघडावी लागते.

आपल्या समाजाचा इतिहास फार काळ इतरांनी लिहिला नाही, आणि लिहिला तेव्हा त्यात आपल्या आयाबायांचा आवाज क्वचितच आला. तो आवाज आज आपल्या कपाटाच्या तळाशी आहे. पुढच्या वर्षीची स्मरणिका निघण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने निदान एक फीत उतरवावी, तिला नाव द्यावे आणि तिची एक प्रत दूरच्या नातलगाकडे पाठवावी. माझ्या आईच्या बाबतीत मला ते जमले नाही. तुमची आई अजून असेल, तर आज रात्रीच कॅमेरा हाती घ्या.

जयभीम! नमो बुद्धाय!