तेरवीला येतो, पण सभेत बोलतो का?

अकोला आणि अमरावती, दोन्ही महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. पुढची निवडणूक झाली ती थेट 15 जानेवारी 2026 रोजी. मधली जवळजवळ चार वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती होता. अकोला पश्चिमच्या मतदारांवर तर याहून वाईट वेळ आली. आमदार गोवर्धन शर्मा यांचं नोव्हेंबर 2023 मध्ये निधन झालं. पोटनिवडणूक जाहीरही झाली, पण नव्या आमदाराला वर्षाहून कमी मुदत मिळणार म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ती रद्द केली. वर्षभर या लोकांना ना नगरसेवक, ना आमदार. काटेपूर्णा धरणात पाणी असून नळ कोरडा राहिला, तर जाब विचारायचा कुणाला?

आता अकोल्यात 80 आणि अमरावतीत 87 नगरसेवक निवडून आलेत. इतकी वाट पाहून मिळालेल्या या माणसांना पाच वर्षं मोकळं सोडू नका.

पहिली अडचण प्रभागाची आहे. जवळपास प्रत्येक प्रभागात चार नगरसेवक. नाली तुंबली म्हणून एकाकडे जावं, तर तो म्हणतो, "ते काम माह्याकडे नाही, त्याईले भेटा." असं चौघांच्या दारी फिरू नका. गल्लीतल्या घरांच्या सह्या घेऊन एकच निवेदन चौघांच्या नावे लिहा आणि आपल्या प्रतीवर प्रत्येकाची तारखेसह पोच घ्या. एकाच कागदावर चौघांच्या सह्या असल्या की टोलवाटोलवी अवघड होते.

दुसरी गोष्ट आपल्याच सवयीची. नगरसेवक चांगला की वाईट, हे आपण तो लग्नाला आला का, तेरवीला बसला का, यावर ठरवतो. दुःखात माणूस दारी येतो याचं मोल आहेच. पण त्याला आपण निवडून पाठवलं ते महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत. तिथे तो हजर होता का? आपल्या पाण्याबद्दल, घरपट्टीबद्दल एक तरी प्रश्न त्यानं विचारला का? हे सारं सभेच्या इतिवृत्तात असतं आणि ते कुणालाही मागता येतं. नगरसचिव कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे माहिती अधिकाराचा अर्ज करा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. विषय एकच ठेवा, मजकूर 150 शब्दांच्या आत. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.

आमदारांच्या बाबतीतही हेच करा. स्थानिक विकास निधीतून कुठली कामं मंजूर झाली, याची यादी जिल्हा नियोजन समितीच्या कार्यालयातून मिळते. 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात भरतं, ते आपल्या भागाचे प्रश्न मांडले जावेत म्हणूनच. तेव्हा डिसेंबर उजाडायच्या आधीच आमदारांना लेखी विचारा, की यंदा सिंचनाच्या अनुशेषावर, खारपाणपट्ट्यातल्या पिण्याच्या पाण्यावर तुम्ही कोणता प्रश्न लावणार आहात?

खेड्यातल्या वाचकांकडे तर ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार घ्याव्याच लागतात. कोरम नाही म्हणून ती तहकूब झाली, तर दोष सरपंचाइतकाच घरी बसलेल्यांचाही.

आणि शहरात महापालिका सभेचं इतिवृत्त हाती आलं की त्याची प्रत वाचनालयाच्या फळ्यावर लावा. लावण्याआधी चारही नगरसेवकांना दाखवा आणि त्यांचं म्हणणं असेल, तर तेही शेजारीच लावा.