पारावरून : पाचशे रुपयांचा दंड

जत्रा जवळ आली की आमच्या आळीतला एक पोरगा घराबाहेर पडत नाही. 2019 साली तो एकोणीस वर्षांचा होता. मित्रांच्या नादाने त्याने जत्रेत दीडशे रुपयांचा गॉगल उचलला आणि सापडला. दुकानदाराने फिर्याद दिली. त्याचे चुकले असे मी म्हणत नाही. असे पाच-सहा गॉगल गेले की त्याची दिवसाची कमाई बुडते. कोर्टात बाप कानात म्हणाला, "कबूल कर, दंड भरू आन् घरी जाऊ. उसाला पाणी द्यायचंय." पाचशे रुपये भरले. प्रकरण मिटले असे सगळ्यांनाच वाटले.

पुढे पोलीस भरतीत पोरगा धावण्यात चांगला आला. पडताळणीच्या फॉर्मवर विचारले होते, शिक्षा झाली आहे काय? त्याने 'नाही' लिहिले. दंड हीसुद्धा शिक्षाच, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते! नाव गळाले. गावाने 'गॉगल्या' नाव ठेवले. बहिणीला पाहायला आलेल्यांनी पारावरच चौकशी केली आणि चहा न घेता परतले. आता तो टपरीवर, त्याला काही न विचारणाऱ्यांत बसतो. ते कोण, हे मी लिहायला नको.

मंडळी, वाट होती. पहिल्याच गुन्ह्यात समज देऊन सोडण्याची तरतूद 1958 च्या परिवीक्षा कायद्यात आहे, आणि तसे सुटले तर शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. पण ते कोर्टापुढे मांडावे लागते. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते; कोठडीतल्या माणसाला तिथून वकील फुकट मिळतो. जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात तर पाच हजारांच्या आतली पहिली चोरी असेल आणि माल परत केला, तर समाजसेवेची शिक्षा आहे. अठराच्या आतले पोर असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते.

फॉर्मवर मात्र खरेच लिहावे. किरकोळ गुन्हा लपवला तरी नेमणूक करणाऱ्याने तारतम्य वापरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली म्हटले आहे. पण ते त्याच्या मर्जीवर राहते.

परवा बाप बांधावर भेटला. म्हणाला, "पाचशेच तर भरले होते हो." मी तंबाखूची डबी पुढे केली.