चक्रांचा इतिहास आणि श्रद्धेचे बळ

योगवर्गांपासून आरोग्यविषयक व्याख्यानांपर्यंत अलीकडे सर्वत्र सात चक्रांची चर्चा ऐकू येते. तिच्यात दोन विधाने हमखास असतात. चक्रांची कल्पना वेदकाळापासून जशीच्या तशी चालत आली आहे, हे पहिले. आणि ती चक्रे शरीरात प्रत्यक्ष असून विज्ञानाने ते मान्य केले आहे, हे दुसरे. ही दोन्ही विधाने तपासणीत टिकत नाहीत. परंतु ती टिकली नाहीत म्हणून श्रद्धाच निराधार ठरली, हा निष्कर्षही तितकाच उतावीळपणाचा होय.

इतिहास काय सांगतो? पतंजलीच्या योगसूत्रांत नाभिचक्राचा ओझरता उल्लेख आहे, कुंडलिनीचा नाही. बौद्धांच्या हेवज्रतंत्रात चक्रे चार, तर शाक्तांच्या कुब्जिकामततंत्रात सहा. ही सहाची मांडणी पुढे रूढ झाली. बंगालमधील पूर्णानंदांनी १५७७ मध्ये ‘षट्चक्रनिरूपण’ रचले. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर जॉन वुड्रॉफ यांनी १९१९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि ही कल्पना पश्चिमेकडे पोहोचली. इंद्रधनुष्याचे रंग तिला विसाव्या शतकात तिकडेच चढले. पूर्णानंदांच्या वर्णनात मणिपूर चक्राच्या पाकळ्या मेघासारख्या श्याम, तर आज्ञाचक्र चंद्रासारखे शुभ्र आहे. आजच्या तक्त्यांत पहिले पिवळे आणि दुसरे गडद निळे असते.

महाराष्ट्राला तर याहून जवळचे उदाहरण उपलब्ध आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे नावही नाही. १२९० मध्ये त्याच अध्यायावर भाष्य करताना ज्ञानदेवांनी नाथपंथातून लाभलेली कुंडलिनीची साधना तेथे विस्ताराने वर्णिली. मूळ ग्रंथात नसलेले त्यांनी आणले, म्हणून ज्ञानेश्वरीची थोरवी कणभरही उणावली नाही.

दुसऱ्या विधानाची परीक्षा स्वामी दयानंद सरस्वतींनी फार पूर्वी घेतली होती. नदीतून वाहत आलेले एक प्रेत त्यांनी बाहेर काढले, चिरून पाहिले, आणि ग्रंथांत वर्णिलेली चक्रे न सापडल्याने ते ग्रंथ फाडून प्रेतासह नदीत सोडून दिले. स्वतःच्या आत्मकथनात त्यांनीच हे नमूद केले आहे. त्यांचे धैर्य निःसंशय मोठे. पण त्यांनी विचारलेला प्रश्न त्या ग्रंथांना लागू होता काय? पूर्णानंदांच्या सहा कमळांना एकूण पन्नास पाकळ्या आहेत आणि त्यांवर वर्णमालेची अक्षरे आहेत. हृदयस्थानी ‘क’ पासून ‘ठ’ पर्यंतची अक्षरे कोरलेली आढळतील, अशी अपेक्षा कोणीही करणार नाही. तेथे साधकाने ती अक्षरे आणि देवता ध्यानात आणाव्यात, असे सांगितले आहे. हे शरीररचनेचे वर्णन नव्हे, ध्यानाचा विधी होय. लोणावळ्यात १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांचे परिणाम यंत्रांनी मोजले. पण यंत्राने मोजता येतो तो स्नायू, श्वास आणि दाब. ध्यानातील अर्थ त्या मोजपट्टीवर येत नाही.

उगमाचा शोध घेतल्याने श्रद्धा आटते, ही भीती मात्र अनेक भाविकांना वाटते. त्यांनी रोहा तालुक्यातील कुंडलिका नदीकडे पाहावे. कुंडलिनी आणि कुंडलिका ही एकाच ‘कुंडल’ शब्दाची अपत्ये. खांबपासून जवळच, कोलाडला, ही नदी भर उन्हाळ्यातही वाहताना दिसते. ते पाणी सर्वस्वी तिचे स्वतःचे नव्हे. मुळशीला अडवलेले, एरवी भीमेला मिळून पंढरपूरकडे गेले असते असे पाणी सह्याद्री उतरून भिरा येथील वीजगृहात येते आणि १९२७ पासून या पात्रात सोडले जाते. हे कळल्याने काठावरच्या भाताला मिळणारा ओलावा कमी होत नाही. उलट, ज्यांच्या जमिनी मुळशीत बुडाल्या आणि ज्यांच्यासाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्यांचे ऋण मात्र ध्यानात येते. चक्रांच्या बाबतीतही बौद्ध, शाक्त आणि नाथ या साऱ्यांचे ऋण उगम जाणणाऱ्यालाच उमगते.

तथापि, श्रद्धेला इतिहासाचे दडपण नको तसेच तिने वैद्यकाचा अधिकारही सांगू नये. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने ही सीमारेषा नेमकी आखली आहे. भजन, कीर्तन, प्रवचन यांना त्याने हात लावलेला नाही. पण साप चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्र-दोऱ्यावर विसंबायला लावणे हा गुन्हा ठरवला आहे. ज्या तालुक्यात पावसाळाभर माणसे भातखाचरांत उभी असतात, तेथे हा भेद पुस्तकी नव्हे, जीवनमरणाचा आहे.

संध्याकाळी देवळात हरिपाठ म्हणणारा शेतकरी नामाचा पुरावा मागत नाही, आणि सर्पदंश झालेल्या मुलाला घेऊन तोच शेतकरी रुग्णालयाकडे धावतो. यात विसंगती मुळीच नाही. आपले क्षेत्र कोणते हे जाणणारी श्रद्धाच बलवान असते. खोट्या प्राचीनतेचा आणि उसन्या विज्ञानाचा टेकू दुबळ्या श्रद्धेलाच लागतो.