आवाज कोणाचा, किंमत कोणाची?

'तुमचे पुढारी तोंडाचे फटकळ, म्हणूनच तुमच्या समाजाचे नुकसान होते.' हे वाक्य आम्ही कित्येक वर्षे ऐकत आलो आहोत. पूर्वी ते डोंबिवली फास्टच्या डब्यात पेपर वाचत बसलेल्या सहप्रवाशाच्या तोंडी असे. त्याचे आम्हाला काही वाटत नसे. ज्याला आमचे बोलणेच नको, त्याला ते गोड कधी लागणार? पण अलीकडे तसेच काहीसे कल्याण पूर्वेच्या आणि उल्हासनगरच्या विहारांत, वंदना आटोपल्यावर सतरंजीवर बसलेल्या आपल्याच माणसांकडून ऐकू येते. रेल्वेतून, बँकेतून, महापालिकेतून निवृत्त झालेली ही माणसे. नामांतराच्या लढ्यात यांनीही घोषणा दिलेल्या आहेत. ती म्हणतात, 'पुढारी माईकवर आग ओकतात आणि घरी जातात. केस पडते ती आपल्या पोरांवर.' सहप्रवाशाला उत्तर देणे सोपे आहे. या माणसांना उत्तर देणे चळवळीने आजवर टाळले आहे.

सोपे उत्तर आधी देऊन टाकू. बाबासाहेब मवाळ बोलत होते काय? १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणातला काही मजकूर गाळायला सांगितले. बाबासाहेबांनी गाळला नाही. अधिवेशनच बारगळले आणि ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ते आमच्या कल्याणला येऊन धर्मांतरावर बोलले. येवल्याच्या घोषणेला तेव्हा वर्षही झाले नव्हते आणि देशातले भले भले पुढारी 'हे योग्य नव्हे' म्हणून त्यांना समजावत होते. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांचे आज पुतळे आहेत, त्यांच्या नावाची सुटी आहे. पण १९६६ साली गॅलपच्या पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांचे त्यांच्याविषयीचे मत प्रतिकूल होते. हयात असताना ज्यांना उपद्व्यापी ठरवले, त्यांनाच मेल्यावर समंजस ठरवले जाते. आज बाबासाहेबांचा दाखला देऊन आम्हाला सौम्यपणा शिकवणाऱ्यांचे वाडवडील तेव्हा बाबासाहेबांना काय म्हणत होते, हे त्यांनी घरी जाऊन विचारावे.

आवाज चढवल्याशिवाय या व्यवस्थेला ऐकू येत नाही, याचा पुरावा म्हणून २००६ साल पुरेसे आहे. २९ सप्टेंबर रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर या भोतमांगे कुटुंबातील चौघांचे हत्याकांड झाले. पंधरवड्याच्या आत नागपूरला धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवासाठी लाखोंचा समुदाय जमला. पण मोठमोठ्या वृत्तपत्रांना या बातमीसाठी कित्येक आठवडे रकाना सापडला नाही. कार्यकर्ते आणि महिला संघटना सत्यशोधनासाठी गावात गेल्या, त्यांनी अहवाल लिहिले. नोव्हेंबरात विदर्भ रस्त्यावर उतरला, तेव्हा कुठे खैरलांजी हे नाव देशाला कळले आणि तपास सीबीआयकडे गेला. त्या वेळी गृहखात्याच्या बाजूने या आंदोलनात नक्षलवाद्यांचा हात असल्याची भाषा झाली. ही भाषा नवी नाही आणि जुनीही झालेली नाही.

याच नोव्हेंबरच्या अखेरीस कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि ३० तारखेला उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीन अडवून तिचे डबे पेटवण्यात आले. प्रवाशांना आधी खाली उतरवले होते, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. तरीही आमचे मत तेव्हाच्या काही जहाल मित्रांना न आवडणारे आहे. तो जाळ आम्हाला महागात पडला. आदल्या दिवसापर्यंत प्रश्न होता की चौघांना मारणाऱ्यांचे काय करणार. दुसऱ्या दिवशी प्रश्न झाला की गाडी कोणी जाळली. कानपूरला पुतळा कोणी फोडला, हे त्या गाडीच्या पासधारकांपैकी कोणाला आज सांगता येईल काय? जळालेले डबे मात्र साऱ्यांच्या लक्षात आहेत. आठवडाभरातच ६ डिसेंबरला पन्नासाव्या महापरिनिर्वाण दिनी लाखो माणसे चैत्यभूमीवर आली आणि शांतपणे परत गेली. त्या शिस्तीची छायाचित्रे कोणाच्या लक्षात नाहीत. हा माध्यमांचा दुटप्पीपणा खराच. पण तो दुटप्पी आहे हे आपल्याला ठाऊक असताना त्याच्या हातात काडी का द्यावी?

खैरलांजीचे पुढे काय झाले तेही पाहा. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० च्या जुलैत नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. आणि दोन्ही न्यायालयांत अॅट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. ही हत्या जातीच्या द्वेषातून झाली हे साऱ्या महाराष्ट्राने ओरडून सांगितले, न्यायालयाच्या कागदावर मात्र तो सूड ठरला. रस्त्यावरच्या आवाजाने खटला उभा केला. पण पहिल्या दिवसांतले पंचनामे, वैद्यकीय तपासणी, जबाब हे सारे ढिसाळ झाले होते आणि त्या वेळी त्यांच्यावर डोळा ठेवणारे आपले कोणी तिथे नव्हते. भैयालाल भोतमांगे २०१७ च्या जानेवारीत गेले.

आता त्या निवृत्त माणसांच्या तक्रारीकडे येऊ. ती आमच्या जिल्ह्यात बसून नीट कळते. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला हल्ला झाला आणि ३ तारखेला महाराष्ट्र बंद. ठाण्यात, डोंबिवलीत गाड्या अडवल्या गेल्या, कल्याण पूर्वेत आणि उल्हासनगरात तणाव झाला. संध्याकाळी बंद मागे घेतला गेला. पुढाऱ्यांच्या दृष्टीने तो संपला. पोलिसांच्या दृष्टीने तो त्या रात्री सुरू झाला. चित्रफिती पाहून वस्त्यांतली पोरे उचलण्यात आली. २०२० च्या फेब्रुवारीत तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सांगितले की, भीमा कोरेगाव प्रकरणात दाखल ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे घेण्यात आले. म्हणजे ३०१ तेव्हाही उभेच होते.

इथे एक बारीक गोष्ट आहे, जी आमच्या सभांत कधी सांगितली जात नाही. गुन्हा मागे घेण्याची घोषणा मंत्री विधानभवनात करतो, पण तेवढ्याने खटला संपत नाही. सरकारी वकिलाने न्यायालयात अर्ज करायचा आणि न्यायालयाने संमती द्यायची, असा कायदा आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ मध्ये तो होता, नव्या संहितेतही आहे. रेल्वे रुळावर बसलेल्या पोरावर तर रेल्वे कायद्याचे कलम १७४ लागते, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. तो कायदा केंद्राचा, त्यामुळे तो खटला मागे घेणे एकट्या राज्य सरकारच्या हातात नाही. बंद फसो वा गाजो, कल्याणच्या रेल्वे न्यायालयातली तारीख चुकत नाही. रिक्षाचा बॅज, पासपोर्ट, पोलीस भरती, अगदी सिक्युरिटी गार्डची नोकरी, जिथे चारित्र्य पडताळणी तिथे तो गुन्हा आडवा येतो. मुंबईला सर्वात जवळचा आणि सर्वात वर्दळीचा रूळ आमच्या दारातून जातो. म्हणून महाराष्ट्रात कुठेही ठिणगी पडली की ठाणे जिल्ह्यातला पोरगा रुळावर असतो. याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्या पोराच्या जामिनाची सोय कोण करतो, हा हिशेब आम्ही ठेवलेला नाही.

ही आजची गोष्ट नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला, तेव्हा शहरांत गुलाल उधळला गेला आणि मराठवाड्याच्या खेड्यांत बौद्धांची घरे पेटली. पोचिराम कांबळे मारले गेले. शहरातल्या वक्त्याला खेड्यातल्या एका घराचे दुःख ठाऊक नसेल, तर त्याच्या शब्दाची किंमत त्या घराला मोजावी लागते. घरे जाळणारे गुन्हेगार होते, याबद्दल शंका नको. त्यांच्या गुन्ह्याचे खापर नामांतर मागणाऱ्यांवर फोडणे हा शुद्ध कावेबाजपणा आहे. पण हल्ला होणार हे दिसत असताना आपली माणसे उघड्यावर ठेवणे, याचा जाब आपण आपल्याच पुढाऱ्यांना विचारायला हवा होता. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला, नामविस्तार झाला तोपर्यंत तो विचारायचा राहून गेला.

स्वतः किंमत मोजणारेही आहेत. सुधीर ढवळे २०१८ च्या जूनमध्ये पकडले गेले आणि २०२५ च्या जानेवारीत जामिनावर सुटले. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२०, म्हणजे भीमजयंतीच्याच दिवशी शरण गेले आणि अडीच वर्षांहून अधिक काळ आत राहिले. त्यांची सारी मते आम्हाला पटतात असे नाही. पण लिहिलेल्या, बोललेल्या शब्दाचे बिल त्यांनी दुसऱ्याच्या पोराच्या नावावर फाडले नाही. फटकळ म्हणून त्यांची गणना त्या माईकबहाद्दरांबरोबर करणे अन्यायाचे आहे.

महाडला काय झाले होते, ते या दृष्टीने पुन्हा वाचावे. १९२७ च्या डिसेंबरात विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तळ्यावर जाण्यास मनाई हुकूम आणला. हजारो सत्याग्रही जमलेले, चिडलेले. बाबासाहेबांनी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, म्हणजे बोलायचे ते अत्यंत जळजळीत भाषेत बोलून टाकले. पण जमावाला तळ्यावर नेले नाही. हुकूम पाळला आणि दावा लढवला. तो उच्च न्यायालयात १९३७ च्या मार्चमध्ये जिंकला. येवल्याच्या एका वाक्यामागेही एकवीस वर्षांचा अभ्यास उभा राहिला. त्यातले जळजळीत वाक्य तेवढे आपण उचलले. दहा वर्षे चालवलेला दावा कोणी उचलला?

अगदीच कोणी नाही असेही नाही. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर पोलीस वस्तीत घुसले आणि कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी याचा १५ तारखेला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. 'बंद केला नसता तर पोरगा वाचला असता' असे आमच्या विहारातही कोणी म्हणाले. पोरगा कोठडीत मेला, बंदमध्ये नाही, एवढेच आम्ही त्याला सांगितले. या वेळी मात्र शवविच्छेदनाचा अहवाल हातात होता, आई मागे हटली नाही आणि अॅड. प्रकाश आंबेडकर स्वतः वकील म्हणून औरंगाबाद खंडपीठात उभे राहिले. २०२५ च्या जुलैत न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथच्या विहारांत जयंतीच्या वर्गणीची वही असते, पै न् पैचा हिशेब असतो. तिच्याशेजारी दुसरी एक वही हवी. पोराचे नाव, गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे, कलमे, वकील, पुढची तारीख. २०१८ पासूनची नावे आठवून आठवून लिहायला बसले तरी दोन रविवारांचे काम आहे. त्या निवृत्त मंडळींनीच ते हाती घ्यावे, कारकुनीचा अनुभव त्यांच्याइतका कोणाला नाही. आणि पुढच्या बंदची हाक द्यायला जो वक्ता येईल, त्याच्यापुढे हार घालण्याआधी ती वही ठेवावी.