हरणाचा माग

बुऱ्हाणपुरात तापी ओलांडली की जैनाबादेत आहूखाना लागतो. आहू म्हणजे फारसीत हरीण. मोगलांच्या शिकारीच्या हौसेसाठी इथे हरणं राखली जात.

परदेशात आजचे शिकारी हरणाची वाट हेरायला झाडाला कॅमेरा बांधतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे, आणि ती योग्यच. तोच कॅमेरा शेजारच्या मेळघाटात वाघ मोजतो. बुंध्याला गुडघाभर उंचीवर बांधलेली डबी. समोरून ऊबदार अंग सरकलं की टिपते. अंधारात चमकलेले सांबराचे डोळे, चितळाचा अर्धाच कान. २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले. त्यांत वाघांपेक्षा इतर प्राणीच कितीतरी जास्त आले. हरणं टिकली तरच वाघ टिकतो, म्हणून हे फोटोही मोलाचे.

जंगलात अशी डबी दिसली, तर कृपया हात लावू नका.