आवाज घरात येताना

सिनेमागृह गाठायचं तर पेडगावकरांना परभणीची वाट धरावी लागते. आता मात्र सिनेमाच घरी येतोय, आणि टीव्हीपाठोपाठ सराउंड स्पीकरही. म्हणून हा अंक आवाजाचा.

‘सैराट’च्या (२०१६) संगीतातला पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित झाला. तो टीव्हीच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकणं म्हणजे हुरड्याला जाऊन नुसत्या चहावर परतणं!

५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. मधला टीव्हीखाली, कारण संवाद मुख्यतः त्यातून येतात. डावा-उजवा मधल्यापासून साधारण ३० अंशांवर, मागचे दोन ११०च्या आसपास, म्हणजे कानांच्या किंचित मागे. पण आपली घरं शोरूम नव्हेत. उघड्या भिंतींवरून आवाज उलटतो, पत्रे थरथरतात, कोपऱ्यातला सबवूफर घुमतो. त्यामुळे या अंकात आम्ही किमतींपेक्षा मांडणीवर भर दिला आहे. महागड्या यंत्राआधी खाली सतरंजी अंथरा, भिंतीला वाकळ टांगा आणि फरक ऐका.

तुम्ही स्पीकर कुठे बसवलेत? रात्रीच्या आवाजावरून घरच्यांशी, शेजाऱ्यांशी कसं जमवून घेतलंत? जरूर लिहा, निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.